सोलरची सबसिडी अडकते कुठं? या चुका टाळा

मे महिन्यात दोन-दोन कूलर चोवीस तास चालले की जूनचं बिल पाहून नागपुरातला माणूस सोलरवाल्याला फोन लावतोच. पॅनेल तर दोन-तीन दिवसात बसतात भाऊ, अडकते ती सबसिडी, आन् ती अडकते कागदात.

सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा. आमच्या मानेवाड्याच्या घराचं बिल आजोबांच्या नावानं यायचं, ते जाऊन बारा वर्षं झाली पण बिल वेळेवर भरल्या जाते म्हटल्यावर कोणी लक्षच दिलं नाही. पीएम सूर्यघर, म्हणजे घराच्या छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची योजना, तिच्या पोर्टलवर बाबांसाठी अर्ज टाकायला बसलो, ग्राहक क्रमांक टाकला, तर समोर आजोबांचं नाव. मग मृत्यूचा दाखला, घराचे कागद, काकांची आन् आत्याची ना हरकत, हे जमवत महावितरणकडे नाव बदलेपर्यंत दीड महिना गेला. तरी बरं, तेव्हाच बँकेचं पासबुकही काढून पाहिलं, त्यात बाबांचं नाव वेगळ्याच स्पेलिंगनं होतं, तेही दुरुस्त करून घेतलं. म्हणून सोलरवाल्याला बोलवायच्या आधी बिल, आधार आन् पासबुक एका टेबलावर मांडा आणि अक्षर अन् अक्षर जुळवा.

आता पैशाचं. १ किलोवॅटला सबसिडी ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्याच्या वर कितीही बसवा, ७८ हजारच. "पाच किलोवॅट घ्या, सबसिडी वाढते" असं कोणी म्हणत असेल तर त्याला चहा पाजून रवाना करा. आणि कोटेशनमधे सबसिडी आधीच वजा करून आकडा लिहिला असेल तर नीट वाचा, कारण ती रक्कम सोलरवाल्याला नाही, सिस्टिम सुरू झाल्यावर तुमच्या खात्यात येते. पूर्ण पैशाची सोय आधी करावी लागते, नाहीतर बँकेचं कर्ज.

काही जण आयकरात सूट मागायला सीएकडे जातात. तो ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होत जाते म्हणून हिशोबात धरायचा खर्च, धंद्याच्या सोलरसाठी आहे हो, राहत्या घराच्या छतावर पगारदार माणसाला तो लागू नाही.

पॅनेल डीसीआरच पायजे, म्हणजे सेलसकट भारतात बनलेलं. स्वस्तातलं दुसरं बसवलं तर वीज बनेल पण सबसिडी गेली. पॅनेल वर चढवायच्या आधी मागचा सिरियल नंबर आणि डीसीआरच्या सर्टिफिकेटवरचा नंबर ताडून पाहा, एकदा स्ट्रक्चरवर कसलं की मागचं काही वाचता येत नाही. सोलरवाला पोर्टलवर नोंदणी झालेला आहे का तेही तिथंच पाहा. आणि "आधी बसवून घेऊ, अर्ज मागून टाकू" हे तर करूच नका.

आमची स्वतःची चूक शेवटी झाली. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आन् परत दिलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर, लागलं, वीज सुरू झाली, आम्ही खुश, आता पैसे येतील म्हणून बसलो. दोन महिने झाले तरी काही नाही. बाबा म्हणे, "अबे, तू भरलं का नाही काही?" लॉगिन केलं तर अर्ज बँकेची माहिती भरायच्या टप्प्यावरच थांबलेला, ती आपणच भरायची असते. रद्द केलेल्या चेकचा फोटो टाकला, पहिला धूसर म्हणून परत आला, दुसरा दुपारच्या उन्हात गच्चीवर काढला तेव्हा चालला. पंचवीसेक दिवसांनी बाबांच्या मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला.