हंगेरीच्या खेड्यात जाताय? परतीची बस आधी शोधा

पश्चिम हंगेरीतल्या अर्शेग भागातली सलाफो, वेलेमेर यांसारखी गावं फार सुंदर आहेत, पण तिथं बस मोजक्याच. त्यातल्या काही फक्त शाळेच्या दिवशी धावतात. उन्हाळी सुट्टीत, म्हणजे जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेर, नेमके पर्यटक येतात तेव्हाच त्या बंद!

म्हणून वेळापत्रक असं बघा:

१. आधी परतीची शेवटची बस शोधा, मग जायची.

२. शोधताना प्रवासाची नेमकी तारीख टाका. 'आज'चं वेळापत्रक बघून रविवारचा बेत आखू नका. थांब्यावरच्या तक्त्यात एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे दिसले, तर ती बस फक्त कामाच्या दिवशी असते.

३. मुक्काम याच भागातल्या ओरिसेंतपेतेरला करा. इथं रेल्वे स्टेशन आहे, सायकलीही भाड्यानं मिळतात. सलाफो इथून साधारण ६ किलोमीटर. जाताना बस आणि येताना सायकल असं जमत नाही, त्यामुळे बस गैरसोयीची दिसली की दोन्ही वेळा सायकलच घ्या. माझ्या मते या भागासाठी तीच उत्तम.

वेलेमेरच्या छोट्या चर्चमध्ये १३७८ सालची भित्तिचित्रं आहेत. ती बघायची तर निघण्यापूर्वीच चर्च उघडं असेल का, हे मुक्कामाच्या घरमालकांना विचारा.

एक काळजी घ्या: २० ऑगस्ट आणि २३ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्ट्या. त्या दिवशी दुकानंही बंद असतात, तेव्हा खाणं आणि थोडे रोख फोरिंट आदल्या दिवशीच जवळ ठेवा.