धरणाच्या काठावर तंबू: मराठवाड्यातल्या मुक्कामाची तयारी

मराठवाड्यातला मोठा जलाशय म्हटलं की तो बहुतेक धरणाचाच असतो. नाथसागर (म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय), येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा यांतल्या कुठल्याही पाण्याचा काठ वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळ्यात पाणी बाभळींपर्यंत चढतं, रब्बीसाठी कालव्याची आवर्तनं (ठरलेल्या पाळ्यांचं पाणी) सुटली की मागे सरकतं आणि मधे उघडी पडते काळी, गाळाची जमीन. इथल्या मुक्कामात खरी कसोटी असते ती जागा निवडताना. जागा चुकली तर महागडा तंबूही रात्र काढू देत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्याआधी जमीन ओली असते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये वरच्या धरणांतून पाणी सोडलं की नाथसागराची पातळी इथे थेंबभर पाऊस नसतानाही वाढते. फेब्रुवारीच्या शेवटापासून अवकाळीचा धोका सुरू होतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातले शेतकरी विसरलेले नाहीत. गारांपुढे आणि विजेपुढे तंबूचं कापड काहीच नाही, म्हणून ढग दाटलेले असतील तर बेत पुढे ढकला.

निघण्याआधी परवानगीचं बघा. धरणाची जमीन जलसंपदा विभागाची असते, त्यामुळे त्यांच्या शाखा कार्यालयात विचारा. नाथसागराचा परिसर 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. तिथे वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका आणि जाळ तर पेटवूच नका. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, पट्टकदंब असे पक्षी उथळ पाण्यात उतरतात. रात्रीचा उजेड आणि स्पीकर त्यांना तिथून उठवतो. जवळच्या गावात सरपंच किंवा पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा, म्हणजे रात्री काठावर दिवा दिसला तरी कुणी बिचकणार नाही. पाणी मागे सरलेल्या जमिनीत गाळपेर असते. ती मोकळी दिसली तरी कुणीतरी तिथे हरभरा नाहीतर गहू पेरलेला असतो. अशा वाफ्यात गाडी घालू नका.

आता जागा. दिवस मावळायच्या निदान दोन तास आधी पोहोचा, कारण माती उजेडातच कळते. पाण्याची सर्वांत वरची रेघ आधी शोधा. वाळलेलं शेवाळ, अडकलेल्या काड्या आणि प्लास्टिकचा पट्टा जिथे संपतो आणि जुनी झाडं सुरू होतात, ती ही रेघ. तंबू तिच्या वरच लावायचा. खालची जमीन सपाट आणि मोहक दिसते, पण वरून सुकलेली असली तरी हातभर खाली ओला गाळ असतो. काठी जोरात रोवून पाहा. ती सहज फूटभर गेली आणि टोकाला चिकट माती आली, तर तिथे तंबूही नको आणि गाडीही नको. काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.

मुरमाड, किंचित उताराची जागा उत्तम. काळी माती टाळता आली नाही, तर भेगा नसलेला तुकडा निवडा, कारण भेगांत विंचू, उंदीर आणि उंदरांमागे साप असतात. धरणाच्या खालच्या बाजूला, नदीच्या पात्रात तर कधीच उतरू नका. येलदरीसारख्या ठिकाणी पायथ्याशी वीजनिर्मिती होते. जनित्र चालू झालं की कोरडं वाटणारं पात्र बघता बघता भरतं. भोंगा वाजेलच आणि वाजला तरी झोपेत ऐकू येईलच, असं धरून चालू नका.

तंबूसोबत येणाऱ्या वीतभर ॲल्युमिनियमच्या खुंट्या इथे कामाच्या नाहीत. मुरमात त्या वाकतात आणि काळ्या मातीत उपसून येतात, कारण वरची सहा-आठ इंच माती सुकून भुसभुशीत झालेली असते आणि पकड त्याखाली सुरू होते. वेल्डिंगच्या दुकानातून 10 मिमी सळईच्या सव्वा फुटी खुंट्या करून घ्या, वरचं टोक वाकवून. चार माणसांच्या तंबूला बारा पुरतात. सोबत दोन किलोचा हातोडा ठेवा. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं. सरळ उभी ठोकलेली खुंटी दोरीच्या ओढीने हळूहळू वर येते. माती अगदीच धरत नसेल, तर युरियाच्या रिकाम्या गोण्या अर्ध्या मातीने भरा, मध्ये दोरी बांधा आणि फूटभर खड्ड्यात आडव्या पुरून वरून माती दाबा. असा पुरलेला भार खुंटीपेक्षा भरवशाचा.

पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला आडवायला काही नसतं. म्हणून तंबूची बुटकी, अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार उलट दिशेला ठेवा. दार पाण्याकडे हवं असा मोह सगळ्यांना होतो, पण वाऱ्याची दिशा तीच असेल तर तो सोडा. नायलॉनच्या दोऱ्या दवाने सैल पडतात, तेव्हा झोपण्याआधी सगळ्या एकदा पुन्हा ताणा.

परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली उतरणं नवं नाही. त्यात काठावर दहिवर जास्त पडतं. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. खाली ताडपत्री, तिच्यावर फोमची चटई, मग सतरंजी, आणि अंगावर घोंगडी किंवा रजई, असा थर ठेवा. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान घडी करून घाला. बाहेर आलेली कड दव झेलून पाणी आत नेते. मऊ लागेल म्हणून कडबा अंथरू नका, त्यातून विंचू येतात. थंडी आहे म्हणून झडपा पूर्ण बंद केल्या तर श्वासाची वाफ कापडावर साचून पहाटे टपकते. समोरासमोरच्या दोन झडपा, जाळी लावलेली ठेवून, थोड्या उघड्या हव्यात.

पाणी घरून न्या. माणशी दिवसाला पाच लिटर, म्हणजे चौघांना वीस लिटरचा एक जार; मुक्काम दोन रात्रींचा असेल तर दोन. जलाशयाच्या पाण्यात शेतातली खतं आणि फवारणी उतरलेली असते. हिरवट साय धरलेलं पाणी उकळूनही पिऊ नका, कारण त्या शेवाळाचं विष उकळल्याने जात नाही. भांडीसुद्धा काठापासून दूर, बादलीत धुवा.

जेवणात भाकरी थापायचा हट्ट नको; वारा पीठही उडवतो आणि आचही. धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दही घेऊन गेलात तर पहिला दिवस निभावतो. संध्याकाळी गॅसवर पिठलं-भात. जाळाला परवानगी असेल तर हुरड्याची आगटी हातभर खोल खड्ड्यातच करा. चारी बाजूंनी पाच-सहा फूट गवत काढा, सरपण म्हणून गोवऱ्या वापरा आणि शेवटी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळा.

पोहायला उतरू नका. पाण्याखाली बुडालेल्या गावांच्या विहिरी, भिंती, झाडांचे बुंधे आहेत, भोई बांधवांची जाळीही असतात आणि गाळात पाय रुतला की ओढून काढता येत नाही. काठावर उपसा मोटारींच्या वायरी ओल्या गवतातून गेलेल्या असतात. त्यांच्यापासून लांबच राहा. रात्री तीन फेजची वीज आली की शेतकरी मोटार चालू करायला येतात, म्हणून त्यांची पाऊलवाट आणि पाइप अडवू नका.

घोणस थंडीतही फिरते, मण्यार रात्री झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. तंबूची चेन कायम बंद, बाहेर पडताना बूट आणि टॉर्च, आणि बूट घालण्याआधी झटका. चावा झालाच तर चिरू नका, आवळून बांधू नका. अवयव हलू न देता 108 ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेल्या ग्रामीण रुग्णालयात न्या. सर्वांत जवळचं कोणतं, ते निघण्याआधीच विचारून ठेवा.

शौचासाठी पाण्याच्या वरच्या रेघेपासूनही ऐंशी पावलं दूर जा, वीतभर खोल खड्डा करा आणि बुजवा. रेघेच्या आत केलेलं सगळं पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी प्यायच्या पाण्यात जातं. काचेची बाटली आणूच नका. तिचा तुकडा गाळपेरीत बैलाच्या खुरात नाहीतर मासेमाराच्या तळव्यात जातो.

सकाळी ऊन चढेपर्यंत, साधारण नऊपर्यंत, तंबू उभाच राहू द्या. ओला गुंडाळला तर दोन दिवसांत बुरशी धरतो. घाईत निघावं लागलं तर घरी गच्चीवर पुन्हा उभारून वाळवा. खुंट्यांची काळी माती ओली असतानाच पुसा आणि जिथून त्या उपटल्या ती भोकं पायाने दाबून बुजवा.