शर्ट घेताना या चुका टाळा: खांदा चुकला तर टेलरही हात टेकतो

शर्टातल्या काही चुका टेलर नंतर नीट करून देतो, काही मात्र ब्रह्मदेव आला तरी होत नाहीत. पोटावर सैल असेल तर बाजूची शिलाई आत घेता येते. बाही लांब असेल तर कफ उसवून वर चढवता येतो. खालची लांबी कमी करणं तर उभ्या उभ्या होणारं काम आहे. पण खांदा दोन बोटं खाली उतरला असेल, तर दोन्ही बाह्या उसवायच्या, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापायचा, बाह्या परत बसवायच्या. एवढं करूनही शर्ट ओढल्यासारखाच दिसतो. कुठलाही शहाणा टेलर म्हणेल, "राहू द्या साहेब, नवीन शिवा."

तरीही आमच्या नाशिकला मेन रोडला किंवा कॉलेज रोडला दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग लेबल, मग सूट किती टक्के ते. खांद्याकडे लक्ष जातं ते घरी आल्यावर, तेही बायकोचं. खरेदीचा क्रम नेमका उलटा हवा. न सुधारणारं आधी तपासायचं, सुधारणारं नंतर.

"मला चाळीस लागतो"

बहुतेक घोटाळा या आकड्यातच आहे. तयार फॉर्मल शर्टावर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे जे आकडे असतात, ते बहुतेक वेळा कॉलरचा सेंटिमीटरमधला घेर सांगतात. ३९ म्हणजे साधारण साडेपंधरा इंच गळा, ४२ म्हणजे साडेसोळा. कॅज्युअल शर्टावर आणि टी-शर्टावर तोच ४० हा आकडा पुष्कळदा छातीचा असतो, इंचांत. त्यामुळे एका शर्टात चाळीस व्यवस्थित बसतो आणि दुसऱ्यात श्वास कोंडतो, यात तुमच्या वजनाचा काही दोष नाही. एकदा घरी टेप घ्या, कॉलर जिथे बसते तिथे गळ्याभोवती फिरवा, टेपच्या आत एक बोट ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. सेंटिमीटर आणि इंच, दोन्ही.

पोट सुटलेल्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे पोटासाठी एक साइज वर जाणं. पोटाची सोय होते, पण खांदे दंडावर येतात, कॉलर मानेपासून सुटते आणि बाही अंगठ्यापर्यंत पोचते. माणूस आहे त्याहून जाड दिसतो तो यामुळे. साइज गळ्याची आणि खांद्याचीच घ्या. फिट मात्र बदला. त्याच साइजमध्ये स्लिमऐवजी रेग्युलर किंवा कम्फर्ट मागा. तरीही बटणं ताणली जात असतील, तर तयार शर्टाचा नाद सोडून शिवून घ्या. पोट असलेल्या माणसाला शिवलेला शर्ट जितका शोभतो तितका तयार शर्ट शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ट्रायल रूममध्ये छाती पुढे काढून उभं राहण्यात अर्थ नाही, तसे आपण दिवसभर उभे राहत नाही. सगळी बटणं लावा, गळ्याचंसुद्धा. कॉलरमध्ये दोन बोटं आरामात जावीत, तिसरं जायला नको. खांद्याची शिलाई खांद्याचं हाड संपतं तिथेच हवी. मग गाडीचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा आणि खाली बसा. दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मधून बनियन डोकावलं, की तो शर्ट परत ठेवा.

सुरकुत्याही बोलतात. बटणाभोवती फुलीसारख्या चुण्या पडल्या तर कापड ताणलं जातंय. गळ्यापासून काखेकडे तिरक्या सुरकुत्या उतरत असतील तर तुमचे खांदे उतरते आहेत आणि शर्ट सरळ खांद्याचा कापलेला आहे. मागे कॉलरच्या खाली आडवी वळी पडत असेल तर नेमकं उलट. अशा वेळी साइज बदलून काही होत नाही, दुसऱ्या कंपनीचा शर्ट घालून बघावा किंवा टेलर गाठावा.

शिवायला टाकताना

कोरं सुती कापड तसंच्या तसं टेलरकडे टाकणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. तीन टक्के म्हटलं तर क्षुल्लक वाटतं, पण सोळा इंच गळ्याचे तीन टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा इंच. म्हणजे पहिल्या दिवशी बेताची बसलेली कॉलर दुसऱ्या वेळी गळ्याचं बटण लावू देत नाही. शिवाय कॉलरच्या आत बक्रम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं जाड कापड असतं. ते वेगळ्या प्रमाणात आटतं, वरचं कापड वेगळ्या प्रमाणात, आणि दोघांची फारकत झाली की कॉलरवर फुगे येतात. हे फुगे मग इस्त्रीला दाद देत नाहीत. ओलसर फडकं ठेवून दाबून इस्त्री केली तर काही वेळ बसतात, पुढच्या धुण्यात पुन्हा हजर. तयार शर्टात असं एक-दोन धुण्यांतच झालं तर बिल घेऊन दुकानात जा, तो बनावटीतला दोष आहे.

उपाय सोपा. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, न पिळता सावलीत वाळवा, हलकी इस्त्री करा आणि मग द्या. सॅन्फराइज्ड, म्हणजे कारखान्यातच आधी आटवलेलं, असा शिक्का असेल तर आटणं बरंच कमी असतं. ही प्रक्रिया सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने शोधली, तिचं पेटंट १९३० चं. तरी मी म्हणेन, शिक्का असला तरी भिजवा. पाण्याला पैसे पडत नाहीत. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड आटत नाही म्हटलं तरी चालेल, तिथे ही खटपट नको.

कापड किती घ्यायचं हे पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर ठरतं. ५८ इंच पन्हा असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६ मीटर पुरतं, ३६ इंची असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. उंच किंवा जाड माणसाने पाव मीटर वाढवावं. मोठे चेक्स असतील तर सगळ्यांनीच, कारण खिशाची आणि समोरच्या पट्टीची चौकट जुळवायला कापड वाया जातं. चेक्सच्या शर्टाचा खिसा चौकटीत विरघळून गेला पाहिजे. तो वेगळा उठून दिसला, तर टेलरने कापड वाचवलं किंवा वेळ.

मापाला जुना शर्ट देऊ नका. तो आटलेला असतो आणि तुम्ही वाढलेले असता. अंगावरून माप द्या, पोट आत न घेता. घड्याळ घालता त्या हाताचा कफ थोडा सैल सांगा, अर्धा इंच पुरे. आणि लग्नसराईत शेवटच्या आठवड्यात कापड टाकून "अर्जंट आहे" म्हणू नका. अर्जंट शर्टाची ट्रायल होत नाही, नुसती डिलिव्हरी होते.

आता आहेराचे पीस. प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या खणात टॉवेल-टोपीसोबत आलेले तीन-चार शर्टपीस पडून असतात आणि एखाद्या दिवाळीला शिवायला जातात. शिवण्याआधी कडेचे दोन धागे ओढून काडीने पेटवून बघा. कागद जळल्यासारखा वास आणि हलकी राख आली तर सुती. धागा वितळून टोकाला कडक काळी गाठ झाली तर पॉलिएस्टर. राखेत कडक कण सापडले तर मिक्स. शिलाई आता कापडाइतकीच होते, कधी जास्तही, तेव्हा चकाकणाऱ्या पॉलिएस्टरवर ती घालवायची का, हे धागा जळल्यावर ठरवा. अर्थात तो पीस पुढच्या आहेरात फिरवायचा पर्याय असतोच, सगळं नाशिक तेच करतं.

काउंटचं भूत

दुकानदार सांगतो, "साहेब, हंड्रेड काउंट आहे." काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा. आकडा जेवढा मोठा तेवढं सूत बारीक, कापड मऊ, झुळझुळीत. पण बारीक म्हणजे टिकाऊ नव्हे. रोजच्या वापराला चाळीस ते साठ काउंट उत्तम. शंभरचा शर्ट समारंभाला ठेवावा आणि त्यातही दोन पदरी सूत आहे का ते विचारावं. रोज स्कूटरवर, पाठीवर बॅग अडकवून शंभर काउंटचा शर्ट घातला तर पट्ट्याच्या जागी तो लवकर झिजणार.

पॉलिएस्टरला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्याला टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिक्स, हाच शहाणपणाचा शर्ट आहे. लवकर वाळतो, चुरगळत नाही, टिकतो. पण एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीकडे निघाला की तोच शर्ट घाम शोषत नाही आणि पाठीला चिकटतो. नाशिकची गरमी मुंबईसारखी चिकट नाही, कोरडी आहे. घाम शोषून वाळू देणारं सुती किंवा लिनन इथे खरोखर काम करतं. लिनन चुरगळणारच. दिवसातून दोनदा इस्त्रीची आठवण ज्याला येते त्याने ते घेऊ नये. 'रिंकल फ्री' सुती शर्टावर रेझिनचा थर दिलेला असतो. सुरकुत्या कमी पडतात हे खरं, पण कापडाची ताकद थोडी घटते आणि हवाही कमी खेळते.

डाग आणि धुणं

पांढऱ्या शर्टाची काख पिवळी पडली की हात ब्लीचकडे जातो. थांबा. घाम आणि डिओडरंटमधलं अ‍ॅल्युमिनियम मिळून ते पिवळेपण येतं, आणि क्लोरीनच्या ब्लीचने ते आणखी गडद होऊ शकतं. रेझिन दिलेला शर्ट तर ब्लीचने सगळाच पिवळा पडू शकतो. खाण्याच्या सोड्याची दाट पेस्ट लावून तासभर ठेवा, मग कोमट पाण्यात धुवा. जुना डाग एका धुण्यात जात नाही, धीर धरा. आणि डिओडरंट अंगावर वाळल्यावरच शर्ट घाला. निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

कॉलरची काळी रेघ म्हणजे त्वचेचं तेल आणि धूळ. तेल काढायला शाम्पूचे दोन थेंब पुरतात. भिजवण्याआधी रेघेवर लावा, दहा मिनिटं ठेवा, बोटांनी चोळा. कपड्याचा कडक ब्रश घासून रेघ जाते, पण सोबत सूतही जातं.

मिसळीचा प्रश्न स्वतंत्र. रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून मिसळ खायला जाणाऱ्याला कोणी थांबवू शकत नाही, निदान पुढचं तरी ऐकावं. तर्रीचा डाग म्हणजे तेल अधिक हळद. ओल्या रुमालाने पुसलात तर तो पसरतो. कोरड्या कागदाने टिपा. घरी आल्यावर आधी भांड्यांचा लिक्विड साबण लावून तेल काढा. साबण लागला की हळद लालभडक होऊ शकते, घाबरू नका, अल्कलीत हळद लालच होते. धुऊन झाल्यावर शर्ट ओला असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात विटतो, दोन-तीन उन्हांत डाग जातो. फक्त डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तेलाचा डाग पक्का बसतो.

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारायची असेल तर शर्ट परत मिळेल ही आशा सोडून, जुनाच घालून जा.

सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर पांढरे शर्ट करडे पडतात. जड पाण्यात साबणाचा थर कापडावर बसतो आणि आपण आणखी साबण घालतो. धुणं संपलं की शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्याने करा. नीळ घालायची तर आधी बादलीत नीट विरघळवून मगच शर्ट बुडवा. नाहीतर निळे ठिपके पडतात आणि ते काढण्यात रविवार जातो. रंगीत शर्ट उलटा करून सावलीत वाळवा.

इस्त्री, बनियन आणि झिजलेली कॉलर

शर्ट थोडा दमट असताना इस्त्री करा. आधी कॉलरची मागची बाजू, टोकांकडून मध्याकडे, म्हणजे टोकाशी चुणी जमत नाही. मग खांदा, कफ, बाह्या, शेवटी अंग. पॉलिएस्टर मिक्सवर इस्त्री तापलेली ठेवली तर चकाकी येते आणि ती परत जात नाही. परटाकडे देताना तेवढं सांगा. खळ फार घट्ट करून घेऊ नका, घडीच्या रेषेवर सूत तुटतं.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं. त्वचेच्या जवळचा किंवा फिकट राखाडी रंग लपतो.

महागाचा शर्ट बाकी ठणठणीत असताना कॉलरची घडी दाढीच्या खुंटांनी विरते. शर्ट टाकून देऊ नका. जुना टेलर कॉलर उसवून उलटी बसवून देतो आणि झिजलेली बाजू खाली जाते. कापड आरपार फाटण्याआधी न्या, फाटल्यावर उपयोग नाही. कॉलरच्या टोकात प्लास्टिकच्या पट्ट्या घालायच्या फटी असतील तर मात्र हे करू नका, उलटवल्यावर त्या फटी वरच्या बाजूला येतात.