प्रोस्टेट वाढलीय, पण लघवीचा त्रास नेमका किती? घरी आणि लॅबमध्ये कसं मोजायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड 2 प्रोस्टेटोमेगाली, 45 ग्रॅम' असं काही आलं की घरातले सगळे त्या ग्रॅमलाच धरून बसतात. ग्रंथी मोठी म्हणजे त्रास मोठा असं अजिबात नसतं बरं का, 30 ग्रॅमवाल्याची लघवी तुंबून नळी घालावी लागते आणि 80 ग्रॅमवाला रात्रभर निवांत झोपतो असंही होतं. त्यामुळे ग्रॅम बाजूला ठेवा आणि त्रास किती, धार कशी आणि मागे किती उरते हे मोजा.

आधी त्रास. यासाठी आयपीएसएस नावाचा स्कोअर जगभर वापरतात. गेल्या महिन्याभरातले सात प्रश्न: लघवी करून पण पूर्ण झाली नाही असं वाटतं का, दोन तासांच्या आत परत जावं लागतं का, धार मधेच थांबून परत सुरू होते का, लागली की दम निघत नाही का, धार बारीक झालीय का, सुरू करायला जोर लावावा लागतो का, आणि रात्री किती वेळा उठावं लागतं. पहिल्या सहांना 'कधीच नाही'ला 0, निम्म्या वेळेला 3, जवळजवळ दरवेळी 5 असे मार्क, आणि रात्रीचं जितक्या वेळा उठणं तितके मार्क, पाचच्या वर कितीही असलं तरी 5. बेरीज 7 पर्यंत आली तर सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 ते 35 तीव्र. शेवटी एक वेगळा प्रश्न असतो, हे असंच आयुष्यभर राहिलं तर कसं वाटेल, त्याचे 0 ते 6, ते बेरजेत धरत नाहीत पण उपचार ठरवताना त्याला खूप वजन असतं.

हा कागद घरीच शांतपणे भरा. आपल्याकडे बाबा-काका मंडळी डॉक्टरसमोर बसली की 'काही नाही हो, वयोमानाने चालायचंच' म्हणून मोकळी होतात आणि बाहेर आल्यावर रिक्षात सांगतात की रात्री चारदा उठतो. मुला-सुनेसमोर लाजतात, तर कागद त्यांच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. रात्रीचा आकडा मात्र आईला विचारा, तिची पण झोप मोडत असते त्यामुळे तिला बरोबर माहीत असतं.

मग तीन दिवसांची डायरी. मापाचा एक प्लास्टिकचा मग बाथरूममध्येच ठेवून द्या, दरवेळी वेळ आणि किती मिली ते लिहा, चहा-पाणी कधी किती घेतलं ते पण लिहा. झोपल्यानंतरची सगळी आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मिळून 24 तासांच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर शरीर रात्री जास्त लघवी बनवतंय, तिथे फक्त प्रोस्टेटच्या गोळीने भागणार नाही. पायावरची सूज, शुगर, संध्याकाळी उशिरा घेतलेली बीपीची पाण्याची गोळी, घोरताना श्वास अडकणं, हे सगळं डॉक्टरांना सांगायला हवं. माझ्या मते एवढी साधी डायरी कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उलगडा तिच्यातूनच होतो.

आता धार. युरोफ्लो टेस्टमध्ये मशीनला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची, दर सेकंदाला किती मिली पडते त्याचा ग्राफ येतो. सगळ्यात जोराचा आकडा म्हणजे क्यूमॅक्स. 15 च्या वर असेल तर बहुतेक ठीक, 10 ते 15 मधलं, 10 च्या खाली असेल तर वाट अडलीय किंवा मूत्राशयाचाच जोर कमी पडलाय, या दोघांतला फरक युरोफ्लो सांगू शकत नाही, जुना डायबेटिस असेल तर हे आवर्जून विचारा. घरी मग आणि स्टॉपवॉच घेऊन 200 मिलीला 40 सेकंद लागले तर सेकंदाला 5 मिली असं काढता येतं, पण ती सरासरी झाली, क्यूमॅक्सशी ताडून घाबरू नका.

टेस्टच्या दिवशी गडबड पाण्यामुळे होते. 150 मिलीपेक्षा कमी झाली तर ग्राफवर भरवसा ठेवता येत नाही, आणि बाकावर बसवून बाटलीवर बाटली पाणी पाजून पोट फुटायची वेळ आणली तरी धार खराब येते आणि मागे जास्त उरलेली दिसते. नेहमी जेवढी लागल्यावर जाता तेवढीच लागू द्या, आणि आजची लघवी रोजच्यासारखी झाली नाही असं वाटलं तर तिथल्या तिथे सांगून परत करून घ्या. लगेच सोनोग्राफीत उरलेली लघवी बघतात, 50 मिलीच्या आत असेल तर चांगलं, वारंवार 200 च्या पुढे असेल तर किडनीकडे पण बघायला लागतं.

लघवीत रक्त, थंडी-ताप, किंवा खूप लागूनही थेंब येत नाही असं झालं तर डायरी वगैरे काही नको, थेट दवाखाना. सर्दीच्या काही गोळ्यांनी पण अचानक तुंबते, तेव्हा मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

औषध सुरू झालं की तोच कागद परत भरा, टॅम्सुलोसिनसारख्या गोळीला महिन्याभराने, फिनास्टराइड-ड्युटास्टराइडला मात्र सहा महिने द्यावे लागतात. आणि फिनास्टराइड-ड्युटास्टराइडने पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट) साधारण निम्म्यावर येतो, म्हणून पीएसएचा रिपोर्ट दाखवताना गोळी कधीपासून चालू आहे ते डॉक्टरांना नक्की सांगा.