इलेक्ट्रिक गाडी संस्थेला देताय? आधी बॅटरी मोजा

वापरलेली इलेक्ट्रिक गाडी दान करायची ठरली की पहिल्यांदा संस्थेत जाऊन गाडी उभी राहणार ती जागा बघा. तिथे १५ अँपिअरचं सॉकेट आणि पक्कं अर्थिंग हवं. अर्थिंग कच्चं असलं की पोर्टेबल चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही आणि बोल मात्र गाडीला लागतो. गाडी रोज किती किलोमीटर धावणार तेही विचारा. घरोघरी रुग्ण तपासायला जाणारं पथक, ठरलेला रस्ता, दिवसाला ६०-७० किलोमीटर आणि रात्री गाडी जागेवर. जुन्या इलेक्ट्रिक गाडीसाठी याहून चांगलं काम नाही.

संस्था ती विकूनच टाकणार असेल तर तुम्हीच विका आणि पैसे चेकने द्या. ८०जीची सवलत, म्हणजे देणगीवरची आयकरातली सूट, फक्त पैशांच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. ‘गाडी द्या, टॅक्स वाचवा’ हा सल्ला साफ चुकीचा आहे.

आता बॅटरी. इथेच सगळे घसरतात. डॅशबोर्डवर दिसणारी रेंज, म्हणजे अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा, ही बॅटरीची तब्येत नव्हे. तो आकडा गेल्या काही दिवसांत गाडी कशी चालवली यावरचा अंदाज असतो. घाटात दामटली की कमी दिसतो, गावात सावकाश फिरवली की वाढतो. तोच आकडा सांगून गाडी दिली आणि पथक अर्ध्या वाटेत अडकलं, तर त्याचा त्रास रुग्णांना होतो.

क्षमता घरीच मोजता येते. सर्व्हिस सेंटरवाले बॅटरी हेल्थचा रिपोर्ट लेखी देत असतील तर जरूर घ्या, पण ही मोजणी चुकवू नका. गाडी २० टक्क्यांपर्यंत उतरवा. सॉकेटच्या लाइनवर सबमीटर (फक्त त्या लाइनची वीज मोजणारा मीटर) बसवा आणि रात्रभर साध्या चार्जरवर १०० टक्के होऊ द्या. उदाहरण घ्या: पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची. तिच्या ८० टक्क्यांना सुमारे २४ युनिट लागतात. चार्जिंगमध्ये १०-१५ टक्के वीज वाया जाते, म्हणजे नव्यासारख्या बॅटरीला मीटरवर २७-२८ युनिट दिसायला हवीत. २२ च दिसली, तर बॅटरीत साडेएकोणीसच्या आसपास गेली आणि क्षमता ८० टक्क्यांवर आली आहे. हिशेब दोन-तीन टक्के इकडेतिकडे होईल, पण डॅशबोर्डपेक्षा कितीतरी खरा.

या मोजणीच्या आधी सलग फास्ट चार्जिंग करू नका. अशा गाड्यांत बहुधा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटऱ्या असतात. त्यांचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतो, त्यामुळे अधूनमधून सावकाश पूर्ण चार्ज केलं नाही तर गाडीलाच स्वतःचे टक्के नीट कळत नाहीत. आधी एक-दोनदा सावकाश १०० टक्के करा, मगच मोजा. शिवाय मीटर चालू असताना गाडीचा एसी लावून बसू नका. ती वीजही हिशेबात येते.

क्षमता वॉरंटीत दिलेल्या मर्यादेच्या खाली असेल तर गाडी देण्याआधी वॉरंटीचा दावा करा. नेक्सॉनवर ती ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होती, यांतलं जे आधी होईल ते. दुसऱ्या मालकाला ती लागू होते का, हे वॉरंटी पुस्तिकेतून शोधून संस्थेला दाखवा. तोंडी सांगणं पुरत नाही. मुख्य बॅटरी बदलणं संस्थेच्या गळ्यात पडलं तर ते दान नव्हे, खर्च आहे.

छोटी १२ व्होल्टची बॅटरीही तपासा, जुनी असेल तर बदलूनच द्या. ती उतरली की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मुख्य बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवायला सांगा.

कागद: विश्वस्तांचा गाडी स्वीकारल्याचा ठराव, संस्थेचं पॅन आणि नोंदणी प्रमाणपत्र, फॉर्म २९ (मालकी दिल्याची सूचना) आणि ३० (नाव बदलण्याचा अर्ज). कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायला). गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ (आरटीओच्या एनओसीसाठी). राज्यातल्या राज्यात असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे देणाऱ्याचं काम आहे. ‘संस्था करून घेईल’ म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म देऊ नका. नावाची नोंद बदललेली नसेल तर अपघाताची भरपाई आरसीवरच्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आरसीवर संस्थेचं नाव दिसेपर्यंत किल्ली देऊ नका.

विमा संस्थेच्या नावावर करा, पण नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमचा आहे. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, ३ वर्षांत पुढच्या गाडीला वापरता येतं.

किल्ली देताना दोन्ही किल्ल्या, पोर्टेबल चार्जर, सर्व्हिसची पुस्तिका. फास्टॅग बंद करा. आणि मोबाइल अ‍ॅपमधून गाडी काढून टाका, नाहीतर ती कुठे उभी आहे हे तुमच्या फोनवर दिसत राहील आणि दारंही तिथूनच उघडतील.