वजनाच्या ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे: खाण्यापिण्यातल्या या चुका टाळा

वजन कमी करण्याचं पोटाचं ऑपरेशन पुण्यात होतं, हैदराबादला होतं, आता छत्रपती संभाजीनगरातही होतं. दोन-चार दिवसांत डिस्चार्ज मिळतो आणि पेशंट सेलूला, उदगीरला, गेवराईला आपल्या घरी येतो. हातात डाएटचा कागद असतो, तोही बऱ्याचदा इंग्रजीत, आणि त्यात सूप, ब्रॉथ, जेली असलं काही लिहिलेलं. स्वयंपाकघर मात्र ज्वारी, तुरीची दाळ आणि शेंगदाण्याच्या कुटाचं. कागद एक सांगतो, चूल दुसरंच शिजवते आणि तिथेच गडबड होते. खाली त्याच चुका आहेत. तुमच्या सर्जननी यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, कारण कोणता टप्पा किती दिवस हे हॉस्पिटलप्रमाणे बदलतं.

आधी मापं डोक्यात पक्की करा. या ऑपरेशनचे दोन नेहमीचे प्रकार, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत १०० ते १५० मिली मावतं, म्हणजे घरातली एक लहान वाटी. बायपासमध्ये (हा हृदयाचा नव्हे) जठराच्या वरच्या टोकाला लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. ही पिशवी ३० मिलीच्या आसपास, म्हणजे दोन मोठे चमचे. त्यात आतून सूज असते, त्यामुळे सुरुवातीला तेवढंही जात नाही.

तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ, ही पहिली चूक

ऑपरेशननंतर परत ॲडमिट व्हावं लागण्याचं एक मोठं कारण अगदी साधं आहे: अंगातलं पाणी कमी होणं. आपल्याकडे हा धोका जास्तच. परभणी-नांदेडचा मे महिना ४२ अंशांच्या वर जातो आणि माणूस सावलीत बसूनही सुकतो. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवं. पण तांब्या तोंडाला लावून गटागट पिण्याचे दिवस गेले. एक मोठा घोट घेतला की छातीच्या मधोमध असं दुखतं की पेशंट पाण्यालाच घाबरतो, आणि मग कमी पितो.

उपाय मापाचा आहे. मेडिकलमध्ये मिळणारा ३० मिलीचा प्लास्टिकचा कप घ्या. दर पंधरा मिनिटांनी एक कप, तोही दोन-तीन घोटांत. तासाला १२० मिली झाले. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत हे चाललं तर दीड लिटर सहज पार होतं. मोबाइलवर गजर लावा, नाहीतर घरातल्या एखाद्या पोराला हे काम द्या. पोरं असली कामं फार कडकपणे करतात. लघवी गडद पिवळी, उठताना चक्कर, तोंड कोरडं, ही पाणी कमी पडल्याची खूण.

पाणी माठातलं चालतं. फार गार पाण्याने काहींना कळ येते, त्यांनी कोमट घ्यावं. पातळ, गाळलेलं ताक उत्तम. सोडा, कोल्ड्रिंक, गोळी सोडा पूर्ण बंद, कारण गॅसला फुगायला आता जागाच नाही. चहा पहिले काही आठवडे टाळायला सांगतात. नंतर मिळाला तरी तो पाण्याच्या हिशोबात धरू नका आणि पाहुण्यागणिक अर्धा कप घेऊ नका.

जेवताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायची आपली रीत, तीही मोडावी लागते. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं पाणी थांबवा आणि जेवणानंतर अर्धा तास पिऊ नका. एवढ्याशा जागेत पाणी आणि अन्न दोन्ही कोंबलं की उलटी होते, किंवा अन्न पाण्याबरोबर खाली वाहून जातं आणि थोड्याच वेळात परत खावंसं वाटतं.

दाळीच्या पाण्याला ताकद समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि ती मायेपोटी होते. सासूबाई दाळ शिजवतात, वरचं पाणी निथळून देतात आणि म्हणतात, "सगळा जीव ह्याच्यातच असतो." जीव खाली पातेल्यात राहिलेला असतो. दाळीच्या पाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. पहिले एक-दोन दिवस निव्वळ द्रव म्हणून ते ठीक आहे, पण त्यावर पंधरा दिवस काढले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

गरज असते रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनांची. आता घरातलं मोजू. पेलाभर दूध सहा ग्रॅम. एक अंडं सहा ग्रॅम. घट्ट वरणाची वाटी सहा-सात. पन्नास ग्रॅम पनीर नऊच्या आसपास. ताकाचा पेला जेमतेम दोन. पोटात वाटीभरही मावत नाही तेव्हा ही बेरीज ६० पर्यंत जाणार नाही, आणि माळकरी घरात अंडंही नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात प्रोटीन पावडर ही हौस नसून औषध आहे. एका स्कूपमध्ये बहुतेक २० ते २५ ग्रॅम असतात, पण डब्यावर वाचून घ्या. काही डब्यांत साखरच जास्त निघते. पावडर उकळत्या दुधात टाकू नका, गुठळ्या होतात. कोमट दुधात किंवा पाण्यात घुसळा. वास नको वाटला तर पातळ ताकात जिऱ्याची पूड घालून बघा.

लातूरच्या आडतीत सोयाबीनचे ढीग लागतात, ताटात मात्र ते क्वचितच येतं. सोया दूध द्रव टप्प्यातही चालतं, सोया वड्या मात्र नीट चावता येऊ लागल्यावर, दोन महिन्यांनंतरच.

"मऊच तर आहे" म्हणून पुढचा टप्पा गाठणं

साधारण क्रम असा: पहिले दोन आठवडे पातळ, तिसरा-चौथा आठवडा मिक्सरमधून काढलेलं, पाचवा-सहावा मऊ, आणि त्यानंतर हळूहळू रोजचं जेवण. या क्रमाला कारण आहे. आत जठर कापून शिवलेली रेघ भरून यायला आठवडे लागतात.

घरात कोणाचंही ऑपरेशन झालं की शिरा, साबुदाण्याची खीर, तूप घातलेली पेज आणि नंतर डिंकाचे लाडू, हा आपला ठरलेला क्रम. यात मऊपणा आहे, पण साखर आणि तूपही आहे, प्रथिनं नाहीत. दुसरा फसवा प्रकार म्हणजे वरणफळं आणि शेंगोळे. जिभेला मऊ लागतात, पण ती शेवटी कणीक किंवा पीठच. चिकट गोळा होऊन अडकतात. ताजी मऊ पोळी आणि भाताचं तेच. उलट मिक्सरमधून काढलेलं वरण, बिनतिखटाचं सैल पिठलं, दुधी, कुस्करलेलं अंडं, चक्का, हे सगळं आपल्याच घरातलं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला साजेसं. पाचव्यात मुगाची आसट खिचडी. भाकरी सहाव्या-आठव्या आठवड्यानंतर, वरणात कुस्करून, पाव भाकरीपासून. ठेचा, येसर, शेंगदाण्याची चटणी यांना थोडा वेळ द्या. हुरडा यंदाचा चुकला तर पुढच्या थंडीत येईलच.

घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला, आणि जेवणाला वीस ते तीस मिनिटं. चहाचा लहान चमचा वापरला की हे आपोआप जमतं. टीव्हीसमोर जमत नाही.

आता पोट भरल्याची खूण ओळखा, कारण ती आधीसारखी नसते. ढेकर येण्याची वाट बघू नका. अचानक नाक वाहायला लागतं, उचकी लागते, शिंक येते किंवा छातीच्या हाडामागे दाब वाटतो. तिथेच चमचा खाली. पुढचा एक घास म्हणजे उलटी.

आणि घास अडकलाच तर? छातीत कळ येते, तोंडात फेसाळ चिकट लाळ दाटते. घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: "पाणी पी, खाली जाईल." हेच करायचं नाही. पाणी वरच साचतं आणि दुखणं वाढतं. खाणं-पिणं दोन्ही थांबवा, उभं राहा, सावकाश चाला, लाळ थुंकून टाका. बहुतेक वेळा तासाभरात मोकळं होतं. पुढचे चोवीस तास पातळच घ्या. पाण्याचा घोटही टिकत नसेल तर थांबू नका, फोन करा.

उलट्या होताहेत, गावातच सलाईन लावू

हा भाग पेशंटने नाही, घरच्यांनी वाचावा. अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात एक सलाईन, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. या ऑपरेशननंतर ती महागात पडू शकते. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरतंच साठलेलं असतं. खाणं कमी आणि वर सतत उलट्या, म्हणजे ते संपतं. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलेसुरलेही वापरलं जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते. दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बरळणं, ही त्याची लक्षणं. त्यांना अशक्तपणा समजू नये. म्हणून डॉक्टर कोणीही असोत, त्यांना आधी सांगा: "वजनाचं ऑपरेशन झालंय, इतक्या दिवसांपासून उलट्या आहेत, ग्लुकोजआधी थायमिन द्यायचं का?" यात संकोच करू नका. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

रसवंती आणि पेढा

बायपास झालेल्यांना हा इशारा जास्त लागू. उसाचा रस, बासुंदी, कुंथलगिरीचा पेढा असं गोड झपाट्याने आतड्यात उतरलं की दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब आणि आडवं पडावंसं वाटणं. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन हातपाय कापतात. आंबा, सीताफळ कायमचे बंद नाहीत, पण पहिल्या महिन्यांत नकोत, आणि रस काढून तर नकोच.

आग्रह, सप्ताह आणि उपवास

"माय, एवढंसंच? एक घास तरी घे." या वाक्याला उत्तर आधीच ठरवून ठेवा, नाहीतर रोज नव्याने हरावं लागतं. सगळ्यांना ऑपरेशनचं सांगायची गरज नाही. "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी मापात खायला सांगितलंय" एवढं पंगतीत पुरतं. हरिनाम सप्ताहाच्या महाप्रसादात बुंदीचा एक दाणा जिभेवर ठेवला तरी प्रसाद पावतो. लग्नात ताटाऐवजी वाटी मागा आणि वाढपी येण्याआधी उठा.

पहिल्या काही महिन्यांत एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस किंवा रोजा, यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका. दिवसभर पाणी न घेणं तर या पोटाला झेपणारच नाही, कारण संध्याकाळी एकदम भरून काढायची सोय उरलेली नाही. साबुदाणा चिकट आणि निव्वळ पिठूळ. मन मानत नसेल तर आसट भगर आणि दही, तेही मऊ टप्पा आल्यावर.

गोळ्यांमधली गफलत

गुडघेदुखीसाठी घरात पडून असलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेऊ नका. या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते, पण दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत डायक्लोफिनॅक लपलेलं असू शकतं, पाकिटामागचं वाचा. तंबाखू आणि मिसरीचंही तेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर ती किती पाळली जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. बायका मिसरीचं नाव डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण तिला त्या व्यसन समजतच नाहीत. सांगा.

डायबेटिस असेल तर इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा जुना डोस चालू ठेवणं धोक्याचं आहे, कारण साखर पहिल्याच दिवसांत उतरू लागते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर तीही विचारून घ्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर नको. कॅल्शियम सायट्रेट हा प्रकार जास्त सोयीचा. बी-१२ आणि डी कायमचे मागे लागतात, वजन उतरलं म्हणून ते बंद होत नाहीत.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक गोष्ट: वजन उतरू लागलं की पाळी नियमित होते आणि अनपेक्षितपणे दिवस जाऊ शकतात. बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, दुसरा उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवा.

काटा अडला, केस गळाले

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बऱ्याच जणांचा काटा हलत नाही. सुरुवातीला उतरलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं, शरीर ते सावरून घेतं. जेवण आणखी कमी करू नका; आठवड्यातून एकदाच वजन करा. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं आणि लोह सांभाळा, तेलावर पैसे घालवू नका.

"उद्या बघू" म्हणायचं नाही अशी लक्षणं

ताप, विश्रांतीतही नाडी मिनिटाला १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, काळी शौच, पोटरीला सूज, अचानक धाप. यातलं काहीही दिसलं तर ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलला फोन करा आणि ते लांब असेल तर निघा: छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, या चारही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. गाडीत पेशंटला काही खायला देऊ नका, आणि डिस्चार्ज कार्ड व चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.