बारीक केसांची झुलपं आणि महाबळेश्वरची फेरी

मी एसटीत कंडक्टर आहे, सातारा डेपोला. सकाळी वाई-पाचगणी करत महाबळेश्वर, दुपारी परत. अंगात खाकी, खांद्याला पैशांची बॅग, हातात तिकिटाचं मशीन आणि कपाळावर झुलपं. पार्लरमध्ये त्यांना बँग्ज म्हणतात, नाहीतर फ्रिंज. आईच्या तोंडी अजून 'साधना कट'च आहे. नटी साधनाचं रुंद कपाळ झाकायला १९६० साली पडद्यावर आलेला तो कट तिच्या डोक्यातून गेलेला नाही. पहिल्यांदा मला बघून म्हणाली, "साधना कट केलास होय गं? या वयात?"

वयाचं सोडा. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात माझे केस मुठीनं गेले. बऱ्याच जणींचे जातात आणि वर्षभरात बहुतेकींचे परतही येतात. माझेही आले, पण येताना कपाळाच्या कडेनं बोटभर उंचीचे, ताठ उभे. तेल लावलं तरी उभे, पाणी लावलं तरी उभे. मग म्हटलं, पुढचे सगळेच आखूड करू, म्हणजे यांना सोबत होईल. त्याला आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत जे चुकलं आणि जे जमलं ते लिहिते.

आधी एक गोष्ट नीट कळून घ्या. बारीक केस वेगळे आणि विरळ केस वेगळे. शिवणाचा दोरा आणि स्वतःचा एक गळलेला केस शेजारी शेजारी चिमटीत धरून फिरवा. दोरा हाताला लागतो, केस लागतच नाही, तर तुमचे केस बारीक. संख्येनं ते भरपूर असू शकतात. माझे तसेच आहेत, वेणी बऱ्यापैकी जाड, पण एकेक केस कोळ्याच्या जाळ्यासारखा. अशा केसांची झुलपं चांगली होतात. पण भांग दिवसेंदिवस रुंद होतोय, पुढून टाळू दिसतेय, असं असेल तर कात्री लावू नका, आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. झुलपांसाठी वरचे केस पुढे ओढले की मागचा भांग आणखी उघडा पडतो.

खुर्चीत बसण्याआधी

माझी पहिली झुलपं एका पार्लरमध्ये बिघडली, आणि त्यात निम्मी चूक माझी. मी फोटो दाखवला आणि डोळे मिटून बसले. तिनं केस ओले केले, ताणून धरले, भुवईच्या रेषेत कचकन कापले आणि वर दातांच्या कात्रीनं हलके केले. ओला केस ताणला जातो, वाळला की आखडतो. घरी येईपर्यंत झुलपं कपाळाच्या मध्यावर. वर दातांच्या कात्रीनं निम्मे केस गेलेले, त्यामुळे उरलेले कंगव्याच्या दातांसारखे सुटे सुटे. तीन महिने पिना लावून काढले. डेपोत कुणी काही बोललं नाही, पण ड्रायव्हर काका दोनदा आरशातून बघून हसले.

म्हणून आता खुर्चीत बसल्या बसल्या चार गोष्टी तोंडानं सांगते. केस कोरडे असताना कापा. पहिल्यांदा नाकाच्या मध्यापर्यंतच घ्या, मग बघत बघत वर जाऊ. दातांची कात्री लावू नका. जाड केस हलके करायला ती ठीक, आपल्याकडे हलकं करण्यासारखं असतंच काय? आणि खालची कड सरळ ठेवा, फक्त टोकाला कात्री उभी धरून बारीक टिपा मारा. सरळ कडेमुळे बारीक केस दाट दिसतात.

किती केस पुढे घ्यायचे, यावर सगळं अवलंबून असतं. एक त्रिकोण धरायचा. त्याची दोन टोकं भुवयांच्या बाहेरच्या टोकांच्या वर, कपाळाच्या कडेला. तिसरं टोक भांगावर मागे. ते शोधायला कंगवा डोक्यावर पुढून मागे सपाट ठेवा. पुढच्या बाजूला जिथं तो डोक्यापासून सुटतो तिथं ते टोक. माझ्या बाबतीत ते साधारण तीन बोटांवर येतं. त्याहून मागे गेलात तर झुलपं दाट होतात खरी, पण ते केस वेणीतून आणि कानाजवळून गेलेले असतात. त्रिकोणाची रुंदी भुवईच्या पुढे कानाकडे तर अजिबात नेऊ नका. बारीक केसांत कानाजवळची ती बट गेली की चेहऱ्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या दिसतात.

चेहरा गोल की लांब, यावर पार्लरमध्ये फार बोलतात. मी त्यापेक्षा भोवरा बघा म्हणेन. कपाळाच्या कडेला भोवरा असेल तर झुलपं तिथं दुभंगणारच. ती मधोमध कापून रोज भांडण्यापेक्षा पडद्यासारखी दोन्हीकडे पडतील अशी लांब ठेवावीत, गालाच्या हाडापर्यंत.

सकाळ

मुलांना वळण लहानपणी लावावं म्हणतात, तसं केसांना ओलेपणी. केस भिजला की त्याच्या आतले काही बंध सुटतात, आणि वाळताना तो जसा पडलेला असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. म्हणून रात्री डोकं धुऊन ओल्या झुलपांवर झोपलात तर सकाळी उशीचा आकार कपाळावर. आणि न्हाऊन आल्यावर आधी साडी, मग डबा, मग झुलपं, असंही चालत नाही. बारीक केस पाच मिनिटांत वाळून मोकळे होतात, वाकडे तर वाकडे.

पण डोकं रोज कोण धुणार? धुवायचंच नाही. बाकीचे केस मागे रबरात बांधायचे आणि बेसिनवर वाकून फक्त झुलपं धुवायची. मसुराच्या डाळीएवढा शाम्पू पुरतो. कंडिशनर इथं नको, त्यानं केस कपाळाला चिकटून बसतात. कपाळ हा चेहऱ्याच्या सगळ्यात तेलकट भागांपैकी एक, आणि झुलपं दिवसभर त्याच्यावरच लोळतात. मागची वेणी तीन दिवस ताजी राहते, झुलपं संध्याकाळपर्यंत राहिली तरी खूप. डोकं एक असलं तरी झुलपांचा हिशोब वेगळा ठेवायचा. चार वर्षांत मला हेच खरं कळलं, बाकीचं यातूनच येतं.

धुतल्यावर पंचानं घासू नका, नुसतं दाबा. मग कंगव्यानं सगळी झुलपं डावीकडे सपाट ओढून वरून ड्रायरची हवा, लगेच सगळी उजवीकडे ओढून हवा, पुन्हा डावीकडे. ड्रायर वीतभर लांब, हवा मध्यम गरम, तोंड खाली. अशी दोन्हीकडे फिरवली की मुळं कुठल्याच बाजूला पडून राहत नाहीत आणि भोवराही जरा नरम येतो. शेवटी अर्धा मिनिट गार हवा. लहान गोल ब्रश घेऊ नका, त्यानं कपाळावर चकली होते. हवंच असेल तर मोठा व्हेल्क्रोचा रोलर घ्या, चहा उकळेपर्यंत लावून ठेवा, काढल्यावर बोटं एकदाच फिरवा आणि मग हात लावू नका.

वीज नसेल तर हेच तळव्यानं करायचं, डावीकडे-उजवीकडे, अगदी वाळत येईपर्यंत. मग दोन टिकटिक पिनांनी सपाट दाबून ठेवायचं. पिनेखाली कागदाचा छोटा तुकडा घाला, नाहीतर पिनेचा वळ केसावर उठतो. माझ्याकडे त्यासाठी जुन्या तिकिटांचे तुकडे कायम असतात.

आणि हे सगळं भाकऱ्या झाल्यावर. मी आधी उलटं करायचे. पाच वाजता उठून झुलपं छान बसवायची आणि मग तव्यासमोर उभी राहायची. तिसऱ्या भाकरीला घाम, पाचव्या भाकरीला झुलपं भिजलेल्या सुतळीसारखी.

इस्त्री, म्हणजे स्ट्रेटनर, माझ्याकडे आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी, १५० अंशांच्या आत, आणि केस पूर्ण कोरडे असतानाच. बारीक केस लवकर जळतो, आणि झुलपांचं टोक जळलं तर ते थेट डोळ्यांसमोर दिसतं.

गाडीत

गोडोलीहून डेपोला मी स्कूटरवर येते. हेल्मेट घालताना झुलपं रोज पडतात त्याच्या उलट्या बाजूला सपाट सारायची. काढल्यावर परत फिरवली की मुळाशी जरा उठाव राहतो. स्कार्फ बांधत असाल तर झुलपं आत, मागे वळवून. बाहेर काढून वर स्कार्फ आवळला की कडेला खाच पडते आणि ती दुपारपर्यंत जात नाही.

तेलकटपणाला मी आरारूट वापरते, वाण्याकडचं साधं. चिमूटभर, पावडर लावायच्या ब्रशवर घेऊन झुलपांच्या खालच्या बाजूनं मुळाशी. केस कोरडे असतानाच. घामावर टाकलं तर कणीक मळल्यासारखं होतं. काळ्या केसांत पांढरं दिसू नये म्हणून कोको मिसळतात असं कुणीतरी सांगितलं. मी मिसळला. दिवसभर चॉकलेटचा वास, आणि पाचवडला चढलेलं एक पोरगं तिकीट देताना चक्क हुंगत होतं. आता नुसतं आरारूट, आणि नीट झटकते.

कपाळाला क्रीम किंवा उन्हाचं मलम लावत असाल तर झुलपं वर पिनेत अडकवा आणि ते मुरेपर्यंत दहा मिनिटं खाली सोडू नका. घरी आल्यावरही मी ती वरच बांधते, नाहीतर कपाळावर बारीक पुरळ येतं. रविवारी डोक्याला तेल टाळूपासून मागे. सासूबाईंना हे पटत नाही. "कोरडी टाळू बरी दिसते का?" म्हणत एकदा त्यांनी मागून येऊन वाटीच पालथी केली. त्या दिवशी दोनदा धुऊनही झुलपं टिचकीएवढ्या जुड्यांत पडली होती.

टिकलीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. झुलपांखाली टिकली दिसत नाही हे एक, आणि तिच्या कडेच्या गोंदाला केस चिकटतात हे दुसरं. काढताना दोन-चार केस उपटून येतात. लहान टिकली, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, आणि जरा खाली. गंध लावलं तर प्रश्नच नाही, फक्त वाळू द्या.

आता घाट. साताऱ्यात उन्हाळ्यात वारा असतो, पण तो कोरडा. झुलपं उडतात आणि परत बसतात. पावसाळ्यात मात्र वाईपर्यंत ठीक असलेली झुलपं पसरणी घाट चढायला लागली की जड व्हायला लागतात, आणि पाचगणीला धुक्यात खिडक्या उघड्या असल्या तर संपलंच. महाबळेश्वर १,३०० मीटरच्या वर, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथं हवेतलंच पाणी केसात जातं, सकाळी लावलेलं वळण सुटतं आणि मूळचा भोवरा वर येतो. त्याच्याशी मी भांडत नाही. जून ते सप्टेंबर झुलपं जरा लांब ठेवते, मधोमध दुभंगते आणि दोन्हीकडे एकेक काळी पिन आडवी मारते. एकदा अशीच पिना न लावता तिकीट काढत होते, तर मेढ्याकडची एक आजी म्हणाली, "पोरी, डोळ्यात केसं जात्यात की. सुट्टं नीट मोजतीस न्हवं?" नीटच मोजले होते. तरी तेव्हापासून बॅगेत पिना असतात.

कापणं आणि वाढवणं

केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. वेणीत ते कळत नाही, पापणीवर लगेच कळतं. दर तीन आठवड्यांनी टोकं घ्यावी लागतात, आणि तेवढ्यासाठी पार्लर परवडत नाही. घरी करताना केस कोरडे, रोजच्यासारखे बसवलेले हवेत. कात्री केसांचीच, लहान. दुधाच्या पिशवीची कात्री बारीक केस कापत नाही, चावते. बाकीचे केस मागे घट्ट बांधा, म्हणजे नवीन केस पुढे येणार नाहीत. कात्री उभी धरून मधून सुरुवात, तांदळाच्या दाण्याएवढीच टीप, मग दोन्ही बाजूंना, कडेला किंचित लांब. झुलपं बोटात ताणू नका. आणि आरशात बघताना भुवया वर उचलू नका. सगळ्यांच्या आपोआप जातात, आणि मग भुवया खाली आल्यावर कळतं की बोटभर जास्त गेलं.

कंटाळा आला तर वाढवायचं, पण भुवईपासून हनुवटीपर्यंत यायला वर्षभर धरा. पहिले दोन महिने नुसती एका बाजूला सारून. नाकापर्यंत आली की पडद्यासारखी, टोकं तिरकी घेऊन. पुढं कपाळाच्या कडेनं बारीक पेड घालत कानामागे नेऊन पिन मारायची. ही सगळ्यात सुबक दिसते आणि खाकीवरही चालते. गालाच्या खाली आली की रबरात अडकायला लागतात. मी दोनदा वाढवली. दोन्ही वेळा कानामागे जेमतेम बसायला लागली, तेवढ्यात गणपती आले आणि मी पुन्हा कापली.